टिळकांची बाजू

अकरावीच्या वर्गात १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर वादविवाद घ्यायचं ठरवलं. सुधारकांकडून बोलायला भराभर हात वर झाले, टिळकांकडून बोलायला एकही नाही. एका मुलीनं स्पष्टच सांगितलं, ‘असलं मी तोंडातूनसुद्धा काढणार नाही.’ मला तिचं पटलं, आत्याला मुळीच नाही. आत्या पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते आणि एखादा विषय निघाला की तो धसास लावल्याशिवाय सोडत नाही.

मी : त्या मुलीनं फुलमणी दासीबद्दल वाचलंय, आत्या. जेमतेम अकरा वर्षांची पोर, थोराड नवरा, आणि त्या रात्रीच्या रक्तस्रावानं तिचा जीव गेला. १८९० मध्ये कलकत्त्यात खटला चालला, पण बलात्काराचा गुन्हा लागूच होईना, कारण १८६० च्या दंडसंहितेत वयाची मर्यादा होती १० वर्षं आणि तिला दहा पुरी झालेली. नवऱ्याला शिक्षा झाली एक वर्षाची. सरकार ती मर्यादा १० वरून फक्त १२ वर नेत होतं, त्यावर पुण्यात केवढा गदारोळ! याला ‘दुसरी बाजू’ म्हणायचं आणि ती मांडायला सोळा-सतरा वर्षांच्या पोरींना उभं करायचं?

आत्या : टिळक नेमकं काय म्हणत होते, तेवढं सांग.

मी : धर्मात ढवळाढवळ नको.

आत्या : ही झाली घोषणा. परक्या सरकारनं आपल्या समाजासाठी कायदे करू नयेत, हे एक म्हणणं. ऋतुप्राप्ती झाली की गर्भाधान संस्कार व्हायलाच हवा, हे शास्त्राचं म्हणणं अगदीच निराळं. आणि घरात पोलीस शिरतील, ही धास्ती तिसरीकडूनच आलेली. यातलं नेमकं काय तुझ्या विद्यार्थिनीला तोंडातून काढायचं नाहीये?

मी : सगळंच.

आत्या : परक्या सत्तेचा मुद्दाही? आणि १८९० मध्ये टिळकांनीच सुधारकांपुढे एक मसुदा ठेवला होता, तो वाचलायस? मुलींची लग्नं १६ वर्षांच्या आत नकोत, मुलांची २० च्या आत नकोत, चाळिशी उलटलेल्यानं लग्न करायचंच तर विधवेशी करावं. सही करणाऱ्यांनी हे आधी स्वतःला लागू करून घ्यायचं. सरकार बारा म्हणत होतं, हे सोळा.

हे मी वर्गात सांगितलं नव्हतं. टिळकांना एकदा ‘सनातनी’ म्हटलं की ही माहिती गैरसोयीची ठरते, म्हणून ती बहुतेकांच्या टिपणांतून गळते.

मी : पण सही करणाऱ्यांपुरतंच ना! फुलमणीचा नवरा असल्या कागदावर कधी सही करणार होता? ज्यांना धाक हवा ते सही करत नाहीत आणि जे सही करतात त्यांना धाकाची गरजच नसते. कायदा लागतो तो नेमका याच फटीसाठी.

आत्या : हे कसं रोखठोक बोललीस. हे उत्तर तुला त्यांचं म्हणणं पुरतं कळल्यावर सुचलं. मघाशी तुझ्याकडे नुसता संताप होता.

मी : संताप खोटा नव्हता.

आत्या : मुळीच नव्हता. पण रा. गो. भांडारकरांनाही संताप आला असेलच की. त्यांनी काय केलं? गर्भाधानाचा मुद्दा हास्यास्पद म्हणून झटकून टाकला नाही. धर्मशास्त्राचे ग्रंथ काढून बसले आणि तो संस्कार पुढे ढकलता येतो, शास्त्राची आडकाठी नाही, हे १८९१ मध्ये लिहून दाखवलं. टिळकांना त्यांच्याशी वाद घालायला त्याच मैदानात उतरावं लागलं. ‘सुधारक’मधून आगरकर कोरडे ओढत होते, तेही हवंच होतं. पण शास्त्राचा आधार म्हणून जो पुढे केला होता, त्याच्या मुळाशी हात घातला भांडारकरांनी.

मी : ते भांडारकर होते. माझ्या वर्गातल्या पोरींना स्मृतिग्रंथ कुठून येणार?

आत्या : मग सोपं उदाहरण घे. रखमाबाईंचं.

इथून पुढचं बोलणं मला सर्वांत मोलाचं वाटतं, म्हणून ते जरा सावकाश लिहिते. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं. त्या नांदायला गेल्या नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला : बायकोनं नांदायला यावं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला आणि धर्म बुडाल्याची ओरड सुरू झाली. टिळक दादाजींच्या बाजूचे. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी फर्मावलं, महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तुरुंग पत्करेन, असं रखमाबाईंनी कळवलं.

मी : यात तोलण्यासारखं आहेच काय? न आवडणाऱ्या माणसाच्या घरी बाईला कोर्टाच्या हुकमानं पाठवायचं!

आत्या : तू फक्त किळस करून थांबलीस तर एक गोष्ट तुझ्या हातून निसटते. बायकोला नांदायला लावण्याचा हा दावा कुठून आला?

मी : आपल्याच परंपरेतून, अजून कुठून?

आत्या : नाही. तो विलायतेच्या चर्चच्या न्यायालयांतला. पिन्हेंनी हेच तर दाखवलं की हिंदू धर्मशास्त्रात अशा दाव्याला आधार नाही. शिवाय तिकडे हा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची पद्धत १८८४ मध्ये बंद झाली होती, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी. आता परक्या सरकारनं आमच्या संसारात पडू नये हा मुद्दा हातात घे आणि दादाजींच्या दाव्याला लाव. परक्यांच्या कोर्टात, परक्यांच्या चर्चमधला उपाय वापरून, परक्यांच्या तुरुंगाची भीती घालून बायको घरी आणायची! टिळकांचा तत्त्वाचा मुद्दा खरा मानलास तर तो रखमाबाईंच्या पारड्यात पडतो. आणि कुठला धर्म वाचवत होते ही मंडळी? रखमाबाईंच्या जातीत विधवेला पुन्हा लग्न करता येत होतं, तिच्या आईनंच केलं होतं. ब्राह्मणांच्या चालीरीती सगळ्या हिंदूंच्या म्हणून पुढे केल्या जात होत्या.

मी गप्प बसले. मी इतकी वर्षं शिकवताना टिळकांच्या भूमिकेला ‘प्रतिगामी’ म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळत असे. त्या शब्दानं वर्गाचं समाधान होई, पण टिळकांच्या युक्तिवादाला साधा ओरखडाही उमटत नसे. तो आतूनच कुठे तुटतो, हे आत्यानं त्यांचंच तत्त्व हाती घेऊन दाखवलं. तरीही माझी एक शंका फिटली नव्हती.

मी : वर्गात एक मुलगी आहे, घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत. तिच्यासाठी हा इतिहास नाही. ‘आता आपण दुसरी बाजूही समजून घेऊ’ असं मी तिच्या तोंडावर म्हणायचं? तू आणि मी तटस्थ राहू शकतो, कारण यात आपल्या जिवाला काही लागत नाही.

आत्या : तिच्याकडे तटस्थपणा मागूच नकोस. रखमाबाईंनी ‘एक हिंदू स्त्री’ म्हणून टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहिली, ती काय तटस्थ होती? जिच्यावर बेतलंय तिनं जळजळीत बोलावं. पण तू शिकवणारी आहेस. तिच्या घरचे उद्या जे मुद्दे काढतील, ते वर्गात कधी कुणी नीट मांडले नसतील, तर त्यांना उत्तर द्यायची वेळ तिच्यावर पहिल्यांदा येईल ती घरात, वडिलांसमोर, एकटीनं.

मी : मग टिळकांची बाजू मीच मांडते. कुठल्याच पोरीवर ते ओझं नको.

आत्या : मांड. आणि उत्तरं त्यांना शोधू दे, तू आयती देऊ नकोस. शेवटी कलम ९ काढ.

मी : कुठलं?

आत्या : १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातलं. रखमाबाई गेल्या त्याच वर्षीचा कायदा, आणि त्यात नांदायला येण्याचा हाच दावा आहे. तुरुंग नाही आता, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. इंग्लंडनं १९७० मध्ये तो मोडीत काढला, आपण ठेवलाय. १९८३ मध्ये आंध्रच्या हायकोर्टानं टी. सरिता खटल्यात तो घटनाबाह्य ठरवला, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं सरोज राणी खटल्यात तो वैध ठरवला. ज्यांना रखमाबाईंबद्दल हळहळ वाटते, त्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

मी : मग तर सरळच आहे. ते कलम जायला हवं.

आत्या : सरोज राणी खटल्यात कलम ९ चा अर्ज कुणी केला होता, सांग.

मी : नवऱ्यानं.

आत्या : बायकोनं. घराबाहेर काढलं म्हणून तीच कोर्टात आली होती. नवऱ्यानं हुकमाला संमती दिली, वर्ष उलटू दिलं आणि एकत्र राहणं झालं नाही या कारणावर घटस्फोट मागितला. ती सांगत होती, दोन दिवस ठेवून पुन्हा हाकललं. घटस्फोट झाला. माझ्याकडेही कलम ९ घेऊन बायका येतात. कुणाला खरंच घर परत हवं असतं, कुणाला मी घर सोडलं नव्हतं हे कागदावर आणायचं असतं. ते कलम वाईट आहे असं मलाही वाटतं. पण ज्या बाईकडे दुसरं काहीच नाही, तिच्या हातून ते काढून घेताना बदल्यात काय देणार, हे तू मला वर्ग घेण्याआधी सांग.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोटगी, राहत्या घराचा हक्क, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा अशी नावं मी घेतली. त्यातल्या प्रत्येक अर्जाला प्रत्यक्षात किती महिने लागतात आणि तोवर बाई कुठे राहते, हे ती एकेक करून विचारत गेली.