न विचारतां ठरलेलें माप

संख्यांच्या चौकटीस गणितांत मॅट्रिक्स म्हणतात, आणि तिचें एकंदर मोठेपण एकाच संख्येनें सांगितलें म्हणजे त्या संख्येस नॉर्म. आमच्या यवतमाळकडील वाचकांस ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. गांवच्या आणेवारीनें दुसरें काय केलें? नदीकांठची काळी आणि माथ्यावरची बरड यांच्या पिकाचा मिळून एकच आंकडा; १९५७ सालीं दशमान नाणें आल्यावर आण्यांचे पैसे झाले, एवढेंच. पन्नास पैशांच्या खालीं कीं वर, यावर पुढें कित्येक वर्षें गांवाची टंचाई ठरत असे. बरडवाल्याचें पीक जळालें, पण सरासरी वर राहिली, कीं त्याचें दुःख हिशेबांतून गेलें.

नॉर्महि अनेक आहेत. शंभर ओळींचा एकक मॅट्रिक्स घ्या. तो प्रत्येक सदिशास जशाचा तसा ठेवतो. तेव्हां 'हा जास्तींत जास्त किती पट वाढवितो?' याचें उत्तर १. पण सर्व घटकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढणाऱ्या फ्रोबेनियसच्या मापानें उत्तर १०. दोन्ही खरीं, प्रश्न निराळे. आतां, कोणतें माप हवें हें आपण न सांगितल्यास मॅटलॅब पहिलें देतें, नमपाय दुसरें, आणि आर तिसरेंच. ज्यूलियानें तर २०१८ सालीं पहिलें सोडून दुसरें धरलें, व पहिल्यास वेगळें नांव दिलें. तीच आज्ञा, तक्रार कांहीं नाहीं, उत्तर मात्र बदललेलें!

फ्रोबेनियसच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. प्रत्येक घटक एकदां पाहिला कीं काम झालें. पहिल्यास मोठ्या मॅट्रिक्सवर श्रम फार. शिवाय तें पहिल्याहून कधींहि लहान येत नाहीं, म्हणजे चूक मोजतांना तें फसविलेंच तर भीति वाढवून फसवितें. आणेवारीच्या सरासरीचें उलट होतें. तिची चूक दुबळ्याच्या पदरांत पडे. मला हा भेद महत्त्वाचा वाटतो. मात्र तेंच माप भाजकस्थानीं गेलें कीं सावधगिरीची बेपर्वाई होते, आणि ज्यानें प्रश्न निवडलाच नाहीं त्यास हें कळावें कसें? पदोपदीं विचारणारें साधन माणसें टाकून देतात हें मी जाणतों. तरीहि येथें यंत्रानें विचारावें, असेंच माझें मत आहे. तोंवर वर्गांत मापाचें नांव न लिहिलेलें उत्तर मी तपासल्यावांचून परत करतों.