हाताचा गुण, वहीतला हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे बोलताना अजूनही नगर जिल्ह्यातच, डॉक्टरची कीर्ती पदव्यांवर ठरत नाही. ‘त्याच्या हाताला गुण आहे’ एवढं वाक्य पाथर्डीच्या बाजारातून शेवगावच्या एसटीत चढलं, की दवाखान्याबाहेर चपलांची रांग लागते. हा गुण मोजायचा कसा? बरा झालेला पेशंट सहसा परत येत नाही. त्यावरून डॉक्टर नकळत उलटं गणित मांडतो: परत आला नाही, म्हणजे बरा झाला. प्रत्यक्षात तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असतो, पैसे संपले म्हणून घरी बसलेला असतो, दुखणं आपोआप ओसरलेलं असतं, क्वचित तो वारलेलाही असतो. हे चौघंही ‘गुण आला’ याच खात्यात जमा होतात. वर्षानुवर्षांचा अनुभव म्हणून जे सांगितलं जातं, त्याचा बराचसा पाया अशा न परतलेल्या माणसांवर उभा आहे.

तरीही त्या अनुभवाला हसण्यात अर्थ नाही. आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांचा समन्वय व्हावा की नाही, यावर परिसंवाद झडत राहतात. पेशंटनं तो केव्हाच उरकून टाकला आहे. सकाळी शुगरची गोळी, त्याआधी उपाशीपोटी कारल्याचा रस, गुडघ्याला महानारायण तेल, रात्री मेडिकलमधून मागून आणलेली दुखण्याची गोळी आणि वैदूनं दिलेली मुळी, हे सगळं एकाच पोटात आणि एकाच अंगावर चाललेलं असतं. मोठ्या हॉस्पिटलातल्या औषध-चाचणीला असा माणूस चालत नाही. तिला इतर काही न घेणारा, एकाच आजाराचा, बोलावल्या दिवशी येणारा पेशंट हवा असतो. म्हणजे लोक जे मिश्रण प्रत्यक्ष घेतात, त्याचाच अभ्यास सर्वांत कमी होतो. ते मिश्रण ज्याला दिसतं तो गावातला डॉक्टर. बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला, एका सकाळी पन्नास-साठ पेशंट तपासणारा, आणि ‘संशोधन’ म्हटलं की हात जोडणारा.

नगर शहरात तरी हात जोडण्याचं कारण नव्हतं. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी 1917 मध्ये नगरला आयुर्वेद महाविद्यालय सुरू केलं. त्यांचं ‘आयुर्वेदीय औषधी गुणधर्मशास्त्र’ आजही मराठी वैद्यांच्या टेबलावर असतं. कोणता कल्प कोणत्या अवस्थेत चालतो, याचा असा बारकावा पेशंटांच्या दीर्घ सहवासाशिवाय येत नाही. पण अशा ग्रंथांतून वैद्याचा निष्कर्ष आपल्यापर्यंत पोचतो, त्यामागची वही पोचत नाही. किती जणांना दिलं, किती जणांना उपयोग झाला नाही, हे शिष्यानं विचारायचं नाही आणि गुरूनं सांगायचं नाही, अशी आपली रीत.

ही वही का हवी, ते विंचू शिकवतो. नगरच्या खडकाळ माळावर विंचू कुणाला नवा नाही आणि विंचू उतरवणारे मांत्रिकही नवे नाहीत. त्यांचं यश डोळे दिपवणारं असे, कारण बहुतेक दंश काही तासांच्या वेदनेनंतर आपोआप शमतात. लाल विंचवानं एखाद्या लेकराचं हृदय आणि फुप्फुस गाठलं, तर ते मरे, आणि तो नशिबाचा भाग ठरे. मंत्राच्या खात्यात फक्त जमेची बाजू होती. कोकणात महाडजवळ सरकारी नोकरीत असलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दुसरी बाजूही लिहायला घेतली. दंश झालेल्या रोग्याजवळ बसून घाम, नाडी, रक्तदाब, फुप्फुसात पाणी कधी भरतं, हे तासातासानं नोंदवलं. त्यातून मृत्यूचा क्रम उलगडला आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध उपचारात आलं. त्यांची निरीक्षणं 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. गंभीर रुग्णांत पूर्वी तिसाच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण पुढे टक्क्या-दोन टक्क्यांवर आलं.

मला मात्र त्यांचं नंतरचं काम जास्त मोठं वाटतं. प्राझोसिनमुळे नाव झालेल्या माणसानं महाडलाच 70 रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली: एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिलस. जोडीचा गट स्पष्टपणे लवकर बरा झाला आणि 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं तो निबंध छापला. स्वतःच्या औषधाला एकट्यानं पुरं पडता येत नाही, हे स्वतःच सिद्ध करायचं! दवाखान्यातलं संशोधन म्हणजे हीच तयारी. त्यासाठी महाडमध्ये काचेची प्रयोगशाळा लागली नाही.

समन्वयाच्या वाटेवर अशी तयारी कमी दिसते, आणि गुळवेल हे त्याचं ताजं उदाहरण. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडथळ्यामुळे झालेल्या काविळीच्या शस्त्रक्रियेआधी पेशंटांना गुळवेल देऊन पाहिली. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लहानशा अभ्यासात जंतुसंसर्ग आणि मृत्यू कमी आढळले. मग करोना आला. कुंपणावरची, निंबावरची गुळवेल तोडून घरोघरी काढे उकळू लागले. किती, किती दिवस, याला धरबंध नव्हता. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांना काविळीचे सहा रुग्ण असे आढळले की ज्यांच्या पोटात गुळवेल गेली होती. त्यांनी ते 2021 मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली: वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जाती आहेत. पुढे इतर केंद्रांतूनही असे रुग्ण नोंदले गेले.

या वादात बाजू घेण्याची घाई मला नाही. आजारी यकृताला आधार देणारी वेल आणि यकृताला इजा करणारी वेल एकच असू शकते. मात्रा, मुदत आणि माणूस यांवर ते ठरतं, आणि हे तर आयुर्वेदाचंच म्हणणं आहे. पण त्या दोन वर्षांत आपल्या जिल्ह्यात काढा पिणाऱ्या माणसांचे केसपेपर उघडले, तर त्यात काढ्याचा उल्लेख सापडणं कठीण. डॉक्टरनं विचारलं नाही, पेशंटनं सांगितलं नाही. मंत्रालय आणि यकृततज्ज्ञ भांडत होते त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्या चौदा तालुक्यांत होतं आणि ते लिहिलं गेलं नाही.

ज्यांना वाटतं की आयुर्वेदाला आधुनिक कसोटी लावताच येत नाही, त्यांनी क्षारसूत्राकडे, म्हणजे क्षार लावलेल्या औषधी दोऱ्याकडे, पाहावं. भगंदरावर क्षारसूत्र की शस्त्रक्रिया, याची चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं अनेक केंद्रांत घेतली आणि 1991 मध्ये निष्कर्ष छापले. सूत्रानं जखम भरायला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेनं चार. पण भगंदर पुन्हा होण्याचं प्रमाण सूत्रात 4 टक्के आणि शस्त्रक्रियेत 11 टक्के. दोन्ही बाजूंना काही मिळालं, काही सोडावं लागलं. भाषणांपेक्षा ही एक चाचणी आयुर्वेदाच्या जास्त कामी आली.

मग गावातल्या डॉक्टरला मदत कोणती करायची? आपल्याकडे मदत म्हणजे कार्यशाळा: दीपप्रज्वलन, संख्याशास्त्रावर दोन तास, जेवण, प्रमाणपत्र. सोमवारी तो पुन्हा साठ पेशंटांत बुडालेला. त्याला हवी आहेत साधी माणसं आणि साधे कागद. केसपेपरवर छापलेला एक रकाना, ‘आणखी काय काय घेता?’ पंधरा दिवसांनी न आलेल्यांना फोन करणारं कुणीतरी. आकड्यांचा अर्थ लावून देणारा आणि उद्धटपणा न करणारा संख्याशास्त्री. आणि नैतिकता समिती, कारण ती नसेल तर चाचणीची रीतसर नोंदणी होत नाही आणि निबंध छापला जात नाही. एकट्या दवाखान्यानं ती कुठून आणायची? लोणीला प्रवरेचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचं आहे, शहरात गुणेशास्त्र्यांचं आहे. यांनी आपल्या समित्यांची दारं बाहेरच्या डॉक्टरांना उघडली आणि एमडीच्या मुलांचे प्रबंध आपल्याच ओपीडीत न घालता तालुक्यांच्या दवाखान्यांत घातले, तरी पुष्कळ होईल. मुलांनाही खरा पेशंट दिसेल.

लिहिणं शिकलेल्यांनाच जमतं, हा बहाणा तर या जिल्ह्यात चालूच नये. जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. सुरुवातीच्या पाहणीत त्यांना हजार जन्मांमागे 176 बालमृत्यू दिसले, आणि हा आकडा त्यांनी पुढच्या कामाचा मापदंड मानला. गावोगावच्या, अनेकदा निरक्षर, आरोग्यसेविकांनी जन्म, मृत्यू, गरोदर बायका यांचा हिशेब ठेवला. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगापुढे ठेवलेल्या मोजक्या उदाहरणांत जामखेड होतं. जे तेव्हा एका सेविकेला जमलं, ते आजच्या स्मार्टफोनवाल्या डॉक्टरला अवघड नसावं.

अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी व्यासपीठावर बोलत नाही. खरं लिहिलं तर अडकू, ही भीती. बीएएमएस डॉक्टरनं कोणतं अँटिबायोटिक दिलं, होमिओपॅथनं सलाईन लावलं का, हे केसपेपरवर आलं की तो पुरावा होतो. आधुनिक औषधं देण्याच्या अधिकारावरून कोर्टकज्जे झाले आहेत. राज्यानं 2014 मध्ये होमिओपॅथांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम मान्य केला, तो वादही अजून शमलेला नाही. अशा वातावरणात डॉक्टर ‘पांढरी गोळी’ एवढंच लिहितो किंवा काहीच लिहीत नाही. माझ्या मते, संशोधनासाठी, नावं काढून टाकून दिलेली नोंद डॉक्टरविरुद्ध वापरली जाणार नाही, अशी लेखी हमी सरकारनं दिल्याशिवाय मिश्र उपचारांचं सत्य कागदावर येणार नाही. संघटनांना हे आवडणार नाही. कोणत्याही पॅथीच्या.

पहिला विषय मी सुचवीन तो ऊसतोड कामगारांच्या कंबरदुखीचा. पाथर्डी-जामखेडकडच्या कंबरांवर तेल, शेक, लेप, गुग्गुळ आणि दुखणं दाबणारी इंजेक्शनं, सगळं एकत्र चालतं. यातलं काय उपयोगी आणि कशानं मूत्रपिंड खराब होतं, हे कळायला हवं. पण हा अंक हातात पडेल तोवर टोळ्या कारखान्यांकडे निघू लागलेल्या असतील आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततील. तेव्हा केसपेपरवर पेशंटच्या नावाखाली मुकादमाचा मोबाईल नंबर आणि कारखान्याचं नाव आत्ताच लिहून घ्यावं लागेल, आणि जानेवारीत फोन करावा लागेल. संध्याकाळी, फडावरून कोपीत परतल्यावर. दिवसा कुणी उचलणार नाही.