हवेवरचा आळ

आमच्या सोसायटीच्या पंपातून खडी भरडल्यासारखा आवाज येऊ लागला. मेकॅनिकने पंपाला हातही न लावता निदान केले, ‘‘साहेब, हवा धरलीय.’’ पंप खोलला तेव्हा बिडाच्या इंपेलरला खड्डेच खड्डे पडलेले दिसले. तरी निदान तेच. आपल्याकडे कुठलेही दुखणे हवेच्या माथी मारता येते. बाळंतिणीला हवा लागते, गुडघ्यात वात शिरतो, पंप हवा धरतो. बीड कुरतडणे हे हवेचे काम नव्हे, असे मी त्याला ऐकवले. त्याने पान्यावरची नजरही वर केली नाही.

डोंगरावर पाणी लवकर उकळते हे शाळेत सगळेच शिकतो. दाब आणखी उतरवत गेलो तर पाणी गार असतानाच उकळते. तीस अंशांच्या पाण्याला त्यासाठी वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम 4 टक्क्यांपर्यंत उतरावे लागते. फूटव्हॉल्व्हची जाळी गाळाने तुंबली की पात्यांपाशी नेमके हेच होते. तिथे वाफेचे बुडबुडे उठतात, पाण्याबरोबर दोन बोटे पुढे सरकतात, जास्त दाबाच्या जागी पोचतात आणि आतल्या वाफेचे एका क्षणात पाणी होते. उरलेल्या पोकळीत भोवतालचे पाणी चहूकडून कोसळते. बुडबुडा पात्याला चिकटून असेल, तर पाण्याची एक बारीक धार त्याला आरपार भेदून थेट धातूवर आदळते.

म्हणून हवेचा बुडबुडा आणि वाफेचा बुडबुडा यांत गल्लत करू नये, हा माझा जुना हट्ट आहे. लॉर्ड रॅली यांनी 1917 साली या कोसळण्याचे गणित मांडले. जहाजांचे प्रोपेलर असे कुरतडले जात होते, हे त्यांना ठाऊक होते. पण या प्रश्नाकडे ते वळले किटलीतले पाणी उकळण्यापूर्वी जो आवाज करते त्याविषयीच्या वाचनातून. पोकळी अगदी रिकामी असेल आणि आकसत तिचा व्यास मूळच्या विसाव्या भागावर आला असेल, तर जवळच्या पाण्यातला दाब बाहेरच्या दाबाच्या 1260 पट होतो. याच निबंधात त्यांनी पोकळीत वायू भरूनही पाहिला. वायू दाबला जातो, उलट ढकलतो, आणि बुडबुडा मिटण्याऐवजी लहानमोठा होत राहतो. म्हणजे मारते ती रिकामी पोकळी. हवा असली तर घाव झेलते.

हवा आणि वाफ यांतला हा फरक बोटे मोडतानाही दिसतो. कानशिलावर बोटे मोडून दृष्ट काढणाऱ्या आजीने कडकड आवाज काढला तो सांध्यातल्या वंगणात दाब उतरल्यामुळेच. पण आवाज बुडबुडा उमलताना येतो की मिटताना, यावर शास्त्रज्ञ अनेक दशके भांडत आहेत. 1947 मध्ये ‘उमलताना’ ठरले, 1971 मध्ये लीड्सच्या अभ्यासकांनी ‘मिटताना’ म्हटले, 2015 मध्ये एमआरआयने पुन्हा ‘उमलताना’कडे कौल दिला आणि 2018 च्या एका गणिताने तो परत फिरवला. दरम्यान डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षे एकाच हाताची बोटे मोडून पाहिली. संधिवात कुठल्याच हाताला झाला नाही. 2009 चा इग नोबेल मात्र मिळाला. तेच बोट लगेच पुन्हा का मोडत नाही? कारण हा बुडबुडा मुख्यतः वायूचा. तो वंगणात पुरता विरघळायला वीसेक मिनिटे लागतात. वाफेचा असता तर निमिषात गेला असता.

इथवर मेकॅनिक हरलेला दिसतो. पण उकळायला पाण्याला मुळात फाटावे लागते, आणि पाणी सहजी फाटत नाही. काटेकोर शुद्ध केलेल्या पाण्याने प्रयोगशाळेत दोनशे वातावरणांहून अधिक ताण सोसला आहे. आमच्या पंपातले पाणी इतके लेचेपेचे का? कारण धुळीच्या कणांच्या कपारींत हवेचे सूक्ष्म खिसे दडलेले असतात आणि फाटण्याची सुरुवात तिथून होते. न्यूटन हार्वी यांनी 1940 च्या दशकात पाणी प्रचंड दाबाखाली ठेवून हे खिसे विरघळवून टाकले. नंतर त्याच पाण्यात बुडबुडे उठवणे महाकठीण झाले. तेव्हा हवा निर्दोष आहे, हे म्हणणे मला सोडावे लागते. बी तिचेच आहे.

मात्र ही फिर्याद मेकॅनिकला वाटते तिथेही थांबत नाही. 1983 च्या उन्हाळ्यात कोलोरॅडो नदीला पूर आला आणि ग्लेन कॅन्यन धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यात अशाच बुडबुड्यांनी काँक्रीट फोडून खालच्या खडकात सुमारे दहा मीटर खोल खड्डा पाडला. दुरुस्ती करताना अभियंत्यांनी काँक्रीट घातलेच, शिवाय बोगद्यात खाचा ठेवल्या, वेगाने जाणाऱ्या पाण्याने हवा ओढून घ्यावी म्हणून. पीटर्का यांच्या 1953 च्या प्रयोगांत सातेक टक्के हवा मिसळल्यावर काँक्रीटची झीज जवळजवळ थांबली होती. कणभर हवा पाण्याला फाडते आणि भरपूर हवा त्याचे घाव बोथट करते, तर प्रश्न हवा धरली की नाही हा उरतच नाही. किती धरली, एवढाच उरतो. खडखडणाऱ्या पंपाच्या सक्शनमध्ये मुद्दाम किंचित हवा सोडून तो गप्प करण्याची युक्ती जुन्या पंपवाल्यांना माहीत आहे. पाणी थोडे कमी चढते, आणि हात जरा सैल सुटला तर पंप पाणीच सोडून देतो.