यंदा घरात माणसं किती?

कोल्हापुरात एक सासू आणि सून वर्षाची चटणी करून विकत. मार्च उजाडला की घरात मिरचीची पोती येऊन पडत. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. गच्चीवर मिरची वाळे, बायका देठं खुडत बसत, कांदा-खोबरं भाजलं जाई आणि सगळं मिळून डंकावर कुटायला जाई. मे संपेपर्यंत घराला उसंत नसे. चटणीची चव अशी, की एकदा जोडलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दारात जात नसे.

सगळा हिशेब सासूच्या वहीत होता. दर घराला एक पान. दिवसभर राबून रात्री ती वही उघडून बसे. एका किलो मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, असं त्यांचं प्रमाण. कुणाची दोन किलो मिरचीची चटणी, कुणाची पाच किलोची. त्यांची बेरीज करायची, मग बाजारातून काय किती आणायचं ते काढायचं. थकलेल्या डोळ्यांनी केलेल्या बेरजा चुकत. एका हंगामात चार घरं धरायचीच राहिली. पाऊस तोंडावर आलेला असताना त्यांच्यासाठी पुन्हा मिरची आणावी लागली, तीही चढ्या भावानं.

त्या वर्षी सुनेनं मनावर घेतलं. ती म्हणाली, “आत्ती, वही राहू दे तुमच्याकडं. पण बेरजा आता मोबाइल करू दे.”

तिनं गूगल फॉर्म तयार केला. त्यात नाव, पत्ता, किती किलो आणि कधी हवी, एवढे चार प्रश्न. गिऱ्हाइकानं फॉर्म भरला की त्याची एक ओळ आपोआप शीटमध्ये येऊन बसे. शीटमध्ये तिनं प्रमाणाची सूत्रं घातली. सगळ्या ऑर्डरी मिळून 100 किलो मिरची झाली, की शेजारच्या रकान्यात 50 किलो कांदा, 25 किलो लसूण, 25 किलो खोबरं हे आकडे हजर. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर दराचं आणि पत्त्याचं उत्तर तयार करून ठेवलं, रात्री येणाऱ्या निरोपांना आपोआप जाणारं उत्तर लावलं, पैशांसाठी यूपीआयचा क्यूआर कोड दिला. यातल्या कशालाही वेगळा पैसा पडला नाही.

सासूनं दोन आठवडे वहीतही बेरीज केली आणि शीटशी ताडून पाहिली. दोन्ही जुळल्या. तिसऱ्या आठवड्यात तिनं रात्रीची बेरीज सोडली आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा हंगामात दहाच्या आत झोपली. हे सुख लहान नव्हे. छोट्या धंद्यात बाईचं अर्धं आयुष्य अशा बेरजांत जातं आणि ते कुणाच्या हिशेबात धरलं जात नाही.

पुढच्या वर्षी सुनेनं आणखी एक पाऊल टाकलं. जुन्या गिऱ्हाइकांचे आकडे शीटमध्ये होतेच. त्यांवरून प्रत्येकाच्या नावानं निरोप आपोआप तयार व्हावा, अशी तिनं सोय केली: “नमस्कार. गेल्या वर्षी तुमची 6 किलो मिरचीची चटणी होती. यंदाही तेवढीच करू ना? होय किंवा नाही कळवा.” नावापुढचा व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा दाबायचा, ‘पाठवा’ दाबायचं, की पुढचं नाव. तासाभरात सगळे निरोप गेले. संध्याकाळपर्यंत ‘होय’ची रांग लागली. सून हरखून गेली. सासूचे दरवर्षी जुन्या गिऱ्हाइकांना फोन करण्यात जाणारे कितीतरी दिवस वाचले होते.

एप्रिलच्या शेवटी शिवाजी पेठेतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी चटणी पोचवायला सासू स्वतः गेली. घरची बाई तिच्याच वयाची. तिनं दार उघडलं, डबे आत घेतले, पैसे मोजून हातावर ठेवले. सासूनं सहज आत नजर टाकली. एरवी माणसांनी गजबजलेलं घर गप्प होतं. भिंतीवर घरधन्याच्या फोटोला हार होता.

“कधी झालं हे?”

“ऑगस्टात. त्यानंतर थोरला पुण्याला गेला, धाकट्यानं वेगळं बिऱ्हाड केलं. मी एकटीच असते आता.”

“मग सहा किलोची चटणी कुणाला, बाई?”

ती म्हणाली, “होय की नाही, एवढंच विचारलं होतं. नाही म्हटलं तर चटणीच नको असा अर्थ झाला असता. म्हणून होय लिहिलं. तुम्ही दरवर्षी फोन करायचा, घरात माणसं किती म्हणून विचारायचा. यंदा विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

सासूनं एक किलोची चटणी तिथं ठेवली, बाकीचे पैसे परत केले आणि पाच किलोची चटणी घेऊन घरी आली. सुनेला सगळं सांगितलं. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “आत्ती, बंद करते हे सगळं. वहीच बरी.”

सासू म्हणाली, “वही नको. वहीनं माझी झोप घेतली होती. शीटनं बेरीज चुकवली का? नाही. पत्ता चुकवला? नाही. आपण तिला नको ते काम दिलं. एका किलोला अर्धा किलो कांदा, हे यंदा तेच आणि पुढच्या वर्षीही तेच. पण घरात माणसं किती, हे दरवर्षी तेच कसं असेल? कुणाची लेक सासरी जाते, कुणाकडं सून येते, कुणाला डॉक्टर तिखट बंद करतो. गेल्या वर्षीच्या आकड्याला यातलं काय ठाऊक?”

दोघी कागद घेऊन बसल्या. एका बाजूला न बदलणारी कामं लिहिली: बेरजा, प्रमाण, पत्ते, दर, पैसे मिळाल्याची पोच, पोचवण्याच्या तारखेची आठवण. ही सगळी शीटकडे आणि मोबाइलकडे राहिली. दुसऱ्या बाजूला एकच ओळ आली: यंदा किती आणि कशी हवी, हे विचारणं. ते सासूनं घेतलं.

पुढच्या हंगामाआधी सुनेनं शीटमध्ये ‘बोलणं झालं’ असा एक रकाना वाढवला. तो भरेपर्यंत जुन्या गिऱ्हाइकाची ओळ लाल राही आणि तिची मिरची बेरजेत धरली जात नसे. दुपारी मिरची वाळत असताना सासू एकेक लाल ओळ बघून फोन लावी, “यंदा घरात माणसं किती?” असं विचारी, आणि सून समोर बसून आकडा भरी. फोनवर कळे की एकाला पित्त वाढलंय, त्याला संकेश्वरी कमी आणि ब्याडगी जास्त हवी. दुसरीचा मुलगा परदेशी निघालाय, त्याला पक्की सीलबंद पाकिटं हवीत. जिचं घर ओसरलं होतं, तिच्याशी सासू जरा जास्त वेळ बोले. या फोनना वेळ कुठून आला? रात्रीच्या बेरजांतून सुटला, तोच इथं कामी आला.

त्या हंगामात एकही डबा जादा झाला नाही आणि एकही घर राहून गेलं नाही.

तात्पर्य : जे काम दर वेळी तेच आणि तसंच असतं, ते निःशंकपणे यंत्राला द्यावं. जे माणसागणिक आणि वर्षागणिक बदलतं, ते आपण स्वतः विचारावं. आणि यंत्रानं जो वेळ वाचवला, तो त्या विचारण्यासाठीच खर्चावा.