जुने कवच विकताना

वापरलेली वस्तू विकणे हे पाप नव्हे. उलट, जी वस्तू आपल्या घरात नुसती पडून राहिली असती ती गरजवंताच्या हाती कमी दामात पडावी, यात काटकसर आहे आणि थोडा परोपकारही आहे. थोरल्याचा गणवेश धाकट्याला, धाकट्याचा शेजारच्या मुलाला, ही रीत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु गणवेशाची शिवण उसवली तर फार तर मुलाला वर्गात लाजल्यासारखे होते. ज्या वस्तूचे कामच मुळी जीव वाचवणे हे आहे, ती जुनी झाल्यावर विकताना हाच न्याय लावता येईल काय?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो आपल्या मातीपासून बऱ्याच दूरच्या एका वस्तूवरून. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी परिचारिका म्हणून इंग्लंडला गेली आणि तिथेच तिने संसार थाटला. तिची लेक घोडेस्वारी शिकते. (आपल्याकडे घोडेस्वारी म्हणजे माथेरानला गेल्यावर फोटोपुरते घोड्यावर बसणे, तिकडे मुले-मुली ती रीतसर शिकतात.) लेकीचे हवेचे जॅकेट आता तिला तोकडे होते. ते विकायचे तर आधी त्याचे सर्व्हिसिंग करावे लागेल, आणि विक्रीतून जे पैसे येतील त्यांतला मोठा वाटा त्या सर्व्हिसिंगवरच जाईल. "फादर, तसेच विकले तर चालेल का? इथे पुष्कळ जण तसेच विकतात," असे तिने विचारले.

ही वस्तू आपल्या परिचयाची नसल्याने तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. मोटारसायकलस्वारांसाठी निघालेली ही कल्पना पुढे घोडेस्वारांनी उचलली. बाहेरून हे जॅकेट बिनबाह्यांच्या जाकिटासारखे दिसते. आत मान, पाठ आणि बरगड्या यांच्याभोवती हवेच्या पिशव्या असतात, आणि पुढच्या बाजूस दाबाखाली भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचा एक छोटा सिलिंडर. जॅकेटातून निघालेला पट्टा खोगिराला अडकवलेला असतो. स्वार घोड्यावरून फेकला गेला की पट्टा ताणला जातो, त्याच्या टोकाची खीळ निसटते, स्प्रिंगवरची टोकदार कांडी सिलिंडरचे तोंड फोडते, आणि सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात जॅकेट फुगून अंगाभोवती घट्ट बसते. स्वार उतरताना पट्टा सोडायला विसरला तरी हेच घडते! मोठा आवाज होतो, घोडा बिचकतो आणि पुन्हा नवा सिलिंडर घ्यावा लागतो. 2010 सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील केंटकी येथील स्पर्धेत ऑलिव्हर टाऊनएंड हा नामवंत ब्रिटिश स्वार घोड्यासकट कोसळला. असे जॅकेट त्याच्या अंगावर होते आणि तो बचावला. त्या प्रसंगानंतर घोडेस्वारांच्या जगात या जॅकेटांविषयी फार बोलले गेले.

या वस्तूचा स्वभाव ध्यानात घ्यावा. ती वर्षानुवर्षे काहीच करीत नाही. कपाटातल्या खुंटीवर टांगलेली असते, अंगावर घातली तरी मुकी असते. आणि जेव्हा तिची पाळी येते तेव्हा तिला सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक अवधी मिळत नाही. सिलिंडर भरलेला आहे की नाही ते त्याच्यावर छापलेल्या वजनाशी ताडून घरच्या काट्यावर पाहता येते. पण पिशवीचा सांधा कुठे झिरपतो काय, रबरी कडे वाळले काय, कांडी गंजली काय, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून एक-दोन वर्षांनी जॅकेट तपासणीसाठी पाठवावे, असे तयार करणारे सांगतात. तिथे ते फुगवून ठेवतात, हवा टिकते का ते पाहतात, खटक्याचा भाग उघडून साफ करतात, झिजलेले बदलतात. याला पैसे पडतात, आणि जाण्यायेण्याचे टपालही.

या पैशांतून मिळते तरी काय? पुष्कळदा एकही सुटा भाग बदलावा लागत नाही. जॅकेट जसे गेले तसेच परत येते. विकत मिळालेले असते ते ज्ञान, म्हणजे हे कवच आज काम करील, एवढी खात्री. तिने विचारलेल्या प्रश्नाचे खरे रूप मला इथे दिसते. वस्तू विकणाऱ्याने त्या वस्तूविषयीचे ज्ञान मिळवण्याचा खर्च सोसला पाहिजे काय?

कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 17 व्या कलमात कपट म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि योगायोग असा की तिथले उदाहरणही घोड्याचेच आहे. लिलावात घोडा विकणाऱ्याला तो घोडा सदोष असल्याचे ठाऊक आहे, पण तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. पुढचे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. घोडा घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. इंग्लंडमध्येही दुकानदारावर 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने बरीच बंधने घातली आहेत. पण एका घरातून दुसऱ्या घरात विकल्या जाणाऱ्या वस्तूबाबत कायद्याची मागणी बेताची आहे. वस्तू वर्णनाबरहुकूम असावी, खोटे बोलू नये, एवढे झाले की बाकीचे घेणाऱ्याने पाहून घ्यावे.

परक्याला गप्प राहून विकावे आणि लेकीला सांगून! कायदा करणाऱ्यांना मी दोष देत नाही. प्रत्येक मौनाला शिक्षा देऊ लागलो तर बाजार चालायचा नाही. परंतु शुभवर्तमानात एका शास्त्र्यानेच प्रभूला विचारले होते, माझा शेजारी कोण? आणि त्या प्रश्नाला उत्तर म्हणून आलेल्या दाखल्यात नाते असलेले दोघे जण वाट सोडून निघून गेले, आणि परका थांबला. त्या शोमरोन्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परतताना तोही देईन असे सांगितले. दाखल्यातला हा शेवटचा तपशील आपण प्रवचनांतून सहसा घाईने ओलांडतो. त्याने केवळ त्या दिवसाचा खर्च केला नाही, पुढचाही अंगावर घेतला.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या विषयाचा नीट ऊहापोह करून ठेवला आहे. 'सुम्मा थिऑलॉजिए'च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात 77 वा प्रश्न खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा आहे, आणि तिथेही घोडा आहेच. दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि किंमत त्या मानाने उतरवली असेल, तर विकणाऱ्याने तोंडाने सांगायलाच हवे असे नाही. घेणाऱ्यालाही डोळे आहेत. पण दोष झाकलेला असेल आणि त्यातून घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याच्यावर संकट येणार असेल, तर तो सांगणे हे बंधन आहे. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे आणि मोडकळीस आलेले घर मजबूत म्हणून विकणे, ही त्यांचीच उदाहरणे. हाच निकष जॅकेटाला लावू. वरच्या कापडाला खोच पडली आहे, रंग विटला आहे, हा एकाक्ष घोडा. आतली पिशवी झिरपते, हा लंगडा घोडा.

यावर त्या मुलीचा सरळ आक्षेप येईल, की पिशवी झिरपते असे मला कुठे ठाऊक आहे? अजाणतेपणी दोष राहिला तर पाप नाही, असे अक्वायनस स्वतःच म्हणतात. ते खरे. पण अज्ञान सगळे एका जातीचे नसते. जे कळणे हाती नव्हते ते अज्ञान वेगळे, आणि कळले तर अडचण होईल म्हणून मुद्दाम जपलेले अज्ञान वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला सेमिनरीत आम्हांला एक लांबलचक लॅटिन नाव शिकवले होते. मराठीत 'झोपेचे सोंग' म्हटले की पुरते. तपासणीला पाठवले तर दोष निघेल, दोष निघाला तर सांगावा लागेल, सांगितला तर गिऱ्हाईक जाईल, म्हणून पाठवायचेच नाही, अशी मनाची वाटचाल असेल तर 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर टिकत नाही.

तरी मी तिला असे सांगितले नाही की सर्व्हिसिंग करूनच वीक, नाहीतर पाप लागेल. समजा, तपासलेले जॅकेट दीडशे पौंडांना जाईल आणि तपासणीला टपालासह साठ पौंड पडतील. (आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत.) तर न तपासलेल्याची न्याय्य किंमत नव्वदच्या वर नाही, आणि दोष निघण्याची जोखीम धरली तर त्याहूनही कमी. ते नव्वदला विकावे, आणि स्पष्ट सांगावे की कोणत्या वर्षी घेतले, शेवटची तपासणी कधी झाली, किती वेळा फुगले, आणि अंगावर घालण्याआधी तपासून घेणे आवश्यक आहे. मग खर्च घेणाऱ्याच्या हातून झाला तरी तो विकणाऱ्याने सोसल्यासारखाच आहे. मात्र दीडशे घेऊन गप्प राहणे म्हणजे साठ पौंड ठेवून घेणे आहे, आणि तिथे सातव्या आज्ञेचा प्रश्न येतो. खरे तर तो तिथेच थांबत नाही. 1992 साली प्रकाशित झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात पाचव्या आज्ञेच्या विवरणात म्हटले आहे की गंभीर कारणावाचून कुणालाही प्राणसंकटात लोटणे निषिद्ध आहे. साठ पौंड हे गंभीर कारण खास नव्हे.

आता एक अडचण उरते, आणि तिचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. नवे जॅकेट महाग. जुने शोधतात ती बहुधा बेताच्या कमाईची घरे. दर एक-दोन वर्षांचा तपासणीचा खर्चही त्यांना जड जातो. अशा घरातली आई म्हणेल, अगदीच नसण्यापेक्षा जुने असलेले बरे. तिचे म्हणणे मला पटकन झटकून टाकता येत नाही. पण अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की गच्चीला कठडा कर, म्हणजे कुणी पडून त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. कठडा नसलेल्या गच्चीवर माणूस काठापासून जपून राहतो. कुजका कठडा असला तर तो त्यावर रेलतो. जॅकेट घातलेल्या मुलीचेही तसेच व्हायचे. अंगावर कवच आहे या भरवशावर ती थोडा अधिक उंच अडथळा घेईल, आणि खाली उभी असलेली आई थोडी कमी घाबरेल. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील पडण्याच्या नोंदी तपासून 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हवेचे जॅकेट घातलेल्या स्वारांना गंभीर इजा कमी झाल्याचे त्यात आढळले नाही, उलट तिचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. तेवढ्यावरून जॅकेट निरुपयोगी ठरवणे उतावळेपणाचे होईल. पण चांगल्या कवचाविषयीसुद्धा जिथे एवढा सावधपणा हवा, तिथे न तपासलेल्या कवचाला 'नसण्यापेक्षा बरे' म्हणताना माझी जीभ अडखळते.

तयार करणाऱ्यांवरही इथे काही जबाबदारी येते असे मला वाटते. जी वस्तू तपासणीवाचून विश्वासपात्र राहत नाही ती विकणाऱ्याने तपासणी सामान्य माणसाच्या आवाक्यात ठेवली पाहिजे, आणि जुन्या बनावटीचे सुटे भाग लवकर बंद करून त्याला नव्या खरेदीकडे ढकलू नये. आणि ज्या जॅकेटाची तपासणी आता कुणीच करून देत नाही ते कवच राहिलेले नाही, ते नुसते कापड आहे. ते विकूही नये आणि दान म्हणून चर्चच्या पेटीतही टाकू नये. पट्टा कापून, खटका काढून मगच टाकावे. दानाच्या नावाखाली अडगळ देण्याची सवय आपल्यालाही थोडीफार आहेच.

या घोडेस्वारीशी आपला संबंध काय, असे कुणी विचारील. समुद्रावर जाणाऱ्या आपल्या बांधवांनी आपल्या बोटीवरची जीवरक्षक जाकिटे आठवावीत. त्यांतला एक फुगणारा प्रकार याच वायूच्या सिलिंडरवर चालतो. एकदा आपटलेले हेल्मेट पुतण्याला देणारे काकाही आठवावेत. वरून शाबूत दिसणाऱ्या हेल्मेटच्या आतला थर एका धडकेतच दबून गेलेला असतो.

आणि जे पूर्वीच विकून झाले आहे त्याचे काय? 77 व्या प्रश्नाच्या दुसऱ्याच प्रकरणात अक्वायनस सांगतात की विकताना दोष ठाऊक नसला आणि मागाहून कळला, तर कळल्या क्षणापासून भरपाईचे बंधन येते. जॅकेटाच्या बाबतीत ही भरपाई फार मोठी नाही. घेणाऱ्याचा पत्ता किंवा फोन नंबर बहुधा जवळ असतो. जॅकेट किती जुने आहे, शेवटचे कधी तपासले होते, हे त्याला कळवावे, आणि तपासणीचा खर्च देऊ करावा. तो कदाचित उत्तर देणार नाही. कदाचित त्याने ते एव्हाना तिसऱ्याला विकलेलेही असेल. तसे असेल तर त्या तिसऱ्याचा ठावठिकाणा विचारून घ्यावा.