दैव की दुर्लक्ष?

वाहनापासून घडणाऱ्या अपघाताचा दोष कोणाच्या माथी जातो, या प्रश्नाचा विचार आपल्या देशात फार पूर्वीच झालेला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातासंबंधी एक लहानसे प्रकरण आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस अथवा चाक मोडले, बांधणीचे बंध, जुपणी किंवा कासरा तुटला, अथवा गाडीवान ‘बाजूला व्हा’ असे ओरडत असताही कोणी सापडले, तर दंड नाही, असे तेथे म्हटले आहे. असे एकंदर दहा प्रसंग दंडातून वगळलेले आहेत. याउलट सारथी अकुशल असल्यामुळे गाडी भरकटून इजा झाली, तर दंड मालकास होतो. आणि सारथी कुशल असून त्याच्या हातून चूक घडली, तर तो दंड सारथ्यास होतो. दोर तुटणे हे दैव आणि अकुशल माणसाच्या हाती कासरा देणे हा दोष, अशी ही विभागणी आहे.

विभागणी सुबक आहे. परंतु तीत एक प्रश्न उरतोच. जो कासरा तुटला तो महिनाभर झिजत होता आणि गाडीवानास ते ठाऊक होते, तर काय म्हणावे? किंवा त्यास ते ठाऊक नव्हते, पण एकदा हात फिरवला असता तर कळले असते, तर? त्या श्लोकांत या प्रश्नाचे उत्तर नाही. बैलगाडी अंगणातून गेली आणि तिच्या जागी फटफटी आली, तरी प्रश्न मात्र जिथल्या तिथे उभा आहे. किंबहुना जुन्या मोटरसायकलीतील एका साध्या रबरी पट्ट्याने तो अधिकच तीक्ष्ण केला आहे.

या पट्ट्यास ‘टायमिंग बेल्ट’ म्हणतात. त्याचे काम थोडक्यात असे. चार घावांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत घेण्यासाठी एक झडप आणि जळालेला धूर बाहेर सोडण्यासाठी दुसरी झडप असते. पिस्टन वरखाली होत असताना या झडपा अचूक क्षणी उघडल्या व मिटल्या पाहिजेत. त्या उघडणारा कॅमचा दांडा, इंजिनाच्या मुख्य दांड्याचे दोन फेरे होतात तेव्हा एक फेरा घेतो. या दोन दांड्यांचा मेळ राखणारा जो दुवा, तोच प्रत्येक यंत्रात निरनिराळा आढळतो. जुन्या बुलेटमध्ये हे काम दातेरी चाके करीत. १९८५ साली आलेल्या हीरो होंडा सीडी १०० मध्ये, आणि आज आपल्या रस्त्यांवरील बहुतेक मोटरसायकलींत, ते पोलादी साखळी करते. तिसरा उपाय दातेरी पट्ट्याचा. पश्चिम जर्मनीतील ग्लास या कंपनीने १९६२ साली आपल्या छोट्या मोटारीत तो वापरला. पुढे १९७५ च्या सुमारास होंडाच्या गोल्ड विंग या मोटरसायकलीत आणि १९७९ च्या सुमारास इटलीतील डुकाटीच्या पँटा या मोटरसायकलीत तो आला. डुकाटीने तर पुढे कित्येक दशके हा पट्टा सोडला नाही. आपल्या भागात अशी मोटरसायकल एखाद्या शौकिनाच्याच दारी दिसेल. परंतु १९८३ ते २०१४ एवढ्या दीर्घ काळात बनलेली मारुती ८०० असंख्य मध्यमवर्गीय घरांत नांदली, आणि तिच्यातही असाच पट्टा होता. तेव्हा ही गोष्ट आपणांस अगदीच परकी नाही.

आता साखळी आणि पट्टा यांच्या स्वभावातील भेद पाहावा. साखळी पोलादाची असते व तेलात फिरते. ती झिजली की सैल होते, आणि सैल झाली की बहुधा खळखळू लागते. कान तयार असलेला मिस्त्री गाडी दारात उभी राहताच सांगतो, ‘साखळी बोलू लागली.’ पट्टा मात्र बोलत नाही. तो झाकणाच्या आड, कोरडा, मुकाट्याने फिरत असतो. रबर आणि त्यात गुंफलेले काचतंतूंचे दोर यांचा तो बनलेला असतो. वापराने तर तो झिजतोच; पण उष्णतेने, हवेने, कोठून तरी पाझरणाऱ्या तेलाने, आणि केवळ काळाच्या ओघानेही तो कडक व दुबळा होत जातो. वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर चढणाऱ्या आपल्या कलबुर्गीत, जिला आपले वडीलधारे अद्याप गुलबर्गाच म्हणतात, रबराची काय अवस्था होते, हे सायकलच्या जुन्या ट्यूबा हाताळणाऱ्यासही ठाऊक आहे. म्हणूनच मोटरसायकलीच्या अशा पट्ट्यास कारखानदार सहसा दोन मर्यादा घालून देतात: इतके किलोमीटर, किंवा इतकी वर्षे, यांपैकी जे आधी भरेल ते. चार वर्षे आच्छादनाखाली उभी राहिलेली गाडी एक मैलही धावलेली नसली, तरी तिच्या पट्ट्याचे वय चार वर्षांनी वाढलेलेच असते.

आणि तो तुटतो तेव्हा पूर्वसूचना देतोच असे नाही. ज्या इंजिनात पिस्टन व झडपा यांच्यामधील जागा फार थोडी असते, तेथे मेळ सुटताच पिस्टन उघड्या झडपांवर आदळतो, झडपा वाकतात आणि धावते यंत्र एका क्षणात बंद पडते. पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च इंजिनावर येतो; पण तो खर्च येथे गौण आहे. गाणगापूरच्या रस्त्यावर मागे पत्नी बसलेली आहे, पुढे टाकीवर मूल आहे, पाठीमागून मालमोटर येत आहे, आणि अशा वेळी गाडीतील शक्ती अकस्मात नाहीशी होते. प्रश्न नीतीचा होतो तो येथे.

असे असूनही पट्टा वेळेवर बदलण्याचा कंटाळा का केला जातो? बहुधा एकच उत्तर मिळते: ‘अजून चालते आहे ना!’ या चार शब्दांच्या पाठीशी दोन भक्कम गोष्टी उभ्या असल्याचा भास होतो, म्हणून त्यांचा विचार आदराने केला पाहिजे.

पहिली गोष्ट काटकसर. जुन्या लुगड्याची वाकळ करणाऱ्या आणि पाठकोऱ्या कागदावर हिशेब लिहिणाऱ्या घरांतून आपण आलो आहोत. दिसावयास धड असलेली वस्तू फेकून देणे आपणांस पापासारखे वाटते, आणि ते वाटणे चांगलेच आहे. परंतु वाकळ फाटते ती सर्वांच्या डोळ्यांदेखत, आणि फाटली तरी कोणाचा जीव जात नाही. काटकसर हा सद्गुण आहे तो स्वतःच्या गरजांवर ताबा ठेवण्यात. ज्या वस्तूवर दुसऱ्याचा जीव टांगलेला आहे तिच्यात केलेली काटकसर आपण आपल्या खिशातून करीत नसतो. मागे बसलेल्या माणसाच्या आयुष्यातून, त्यास न विचारता, ती करीत असतो.

दुसरी गोष्ट अनुभव. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद आपणांस पुराव्यासारखा वाटतो. माणसाच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. दहा वर्षे प्रामाणिक राहिलेला नोकर अकराव्या वर्षीही बहुधा प्रामाणिक राहील. परंतु पट्ट्याच्या बाबतीत हा हिशेब नेमका उलट चालतो. गेलेला प्रत्येक निर्विघ्न दिवस त्याची ताकद सिद्ध करीत नाही. तो त्याच्या आयुष्यातून वजा होतो. आपण ज्यास जमा समजून बसलो, तो वस्तुतः खर्च असतो.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाची कल्पित कथा आहे. जहाज जुने झालेले. कुटुंबेच्या कुटुंबे घेऊन ते परदेशी निघावयाचे. मालकाच्या मनात शंका येते की, याची तपासणी व दुरुस्ती करावयास हवी होती. पण खर्च मोठा. मग तो मनाची समजूत घालतो की, इतक्या सफरी याने सुखरूप केल्या, ही एक का करणार नाही? शिवाय ईश्वर निराधारांचे रक्षण करतोच. अशा रीतीने खराखुरा विश्वास मनात निर्माण करून तो जहाजास निरोप देतो, आणि ते समुद्रात बुडते. क्लिफर्डचे म्हणणे असे की, मालकाचा विश्वास प्रामाणिक होता एवढ्याने तो निर्दोष ठरत नाही. कारण तो विश्वास त्याने शोध घेऊन मिळवलेला नव्हता, शंका दाबून मिळवलेला होता. पुढे तो आणखी एक पाऊल टाकतो. जहाज सुखरूप परत आले असते, तरीही मालक तितकाच दोषी ठरला असता. दोष त्या क्षणीच घडला होता. उघडकीस आला नसता इतकेच.

ही केवळ तत्त्वज्ञाची कल्पना आहे असे कोणी समजू नये. गुजरातेतील मोरबी येथे मच्छू नदीवरील एकोणिसाव्या शतकातील झुलता पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा खुला झाला आणि चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, कोसळला. १३५ माणसे प्राणांस मुकली. राज्य सरकारने नेमलेल्या तपास पथकास असे आढळले की, एका मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या. जुन्या फळ्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे नवे तक्ते आले होते. ज्यावर सर्व भार होता तो दोर मात्र जुनाच राहिला होता. डोळ्यांस दिसते ते नवे करावे आणि न दिसणारे तसेच राहू द्यावे, ही प्रवृत्ती एका गावाची किंवा एका संस्थेची नाही. गाडीस नवा रंग देऊन, नवी गादी बसवून, आतील पट्ट्यास हातही न लावणारा गृहस्थ लहान प्रमाणावर तेच करीत असतो.

येथे कोणी रास्त आक्षेप घेईल: मग काय, दरवर्षी सारेच बदलत बसावे? भीतीपोटी यंत्राचा एकेक भाग फेकीत गेलो, तर ती नीती नव्हे, भ्रम होय. हा आक्षेप मान्य आहे, आणि म्हणूनच विवेक करण्यासाठी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. हा भाग बिघडण्यापूर्वी सूचना देतो काय? बिघडला तर इजा कोणास होईल? आणि त्याची मर्यादा जाणत्या माणसाने आधीच सांगून ठेवलेली आहे काय? जी साखळी आवाज करून सावध करते तिची वाट पाहण्यास हरकत नाही. ज्या दिव्याने केवळ आपलीच गैरसोय होईल तो आणखी महिनाभर चालवावा. परंतु जो मुका आहे, ज्याच्यावर दुसऱ्याचे प्राण अवलंबून आहेत आणि ज्याची मुदत पुस्तिकेत छापलेली आहे, त्याच्या बाबतीत ‘अजून चालते आहे’ हे उत्तर स्वीकारता येत नाही.

हातात पैसा नसणे हीदेखील खरी अडचण आहे. तिची थट्टा करू नये. पण पैसा नसलेल्या माणसापुढेही दोन मार्ग असतात. पट्टा बदलेपर्यंत गाडी उभी करून त्याने एस. टी. ने जावे, अथवा निदान दुसऱ्यास पाठीमागे बसवू नये. दारिद्र्यामुळे दुरुस्ती लांबू शकते. सत्य लपवण्याची परवानगी मात्र दारिद्र्य देत नाही. हीच गोष्ट जुनी गाडी विकणाऱ्याची. पट्टा कधी बदलला हे ठाऊक नसेल, तर ‘ठाऊक नाही’ एवढे दोन शब्द घेणाऱ्यास सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. त्याने किंमत थोडी उतरेल. पण उतरलेल्या किमतीत विकणाऱ्याची झोप शाबूत राहील.

या कर्तव्याची एक अवघड बाजू अशी की, त्याचे फळ कधीच दिसत नाही. पट्टा वेळेवर बदलला, तर काहीच घडत नाही. काढलेला जुना पट्टा हातात घेऊन मालक म्हणतो, ‘हा तर चांगला दिसतो, उगाच पैसे गेले.’ तो आणखी किती दिवस टिकला असता, हे त्यास कोणीही सांगू शकत नाही. ज्या मिस्त्रीने झाकण उघडून, खुणा जुळवून, ताण तपासून हे काम मन लावून केले, त्याची कोणी वाहवा करीत नाही. बैल गेल्यावर झोपा करणाऱ्याची धावपळ साऱ्या गावास दिसते. बैल असतानाच झोपा केला त्याचे नाव कोणी घेत नाही. फळाकडे दृष्टी न ठेवता कर्म करावे, हे आपण कीर्तनात अनेकदा ऐकतो. ‘काहीही न घडणे’ हेच ज्याचे फळ, असे हे कर्म त्या उपदेशाची रोजच्या संसारातील कसोटी आहे.

आता त्या जुन्या श्लोकांकडे वळून पाहिले, तर मधली रेघ स्पष्ट दिसू लागते. दोर तुटला असता मनूने दंड माफ केला, कारण काही गोष्टी माणसाच्या जाणिवेपलीकडे घडतात. ज्यास कळणे शक्यच नव्हते त्याच्यासाठी ती माफी आजही न्याय्य आहे. परंतु ज्ञान वाढते तसतशी दैवाची हद्द मागे सरते व कर्तव्याची पुढे येते. पट्ट्याची मुदत कोणास ठाऊक नव्हती तोपर्यंत त्याचे तुटणे हे दैव होते. ती मुदत छापली गेली त्या दिवसापासून त्यास दुसरे नाव प्राप्त झाले.

खंडेनवमीस आपण वाहने धुतो, त्यांस झेंडूच्या माळा घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याच दिवशी घरातील कर्त्या माणसाने गाडीची पुस्तिका काढावी; ज्या भागांस मुदत आहे ते केव्हा बदलले याची तारीख एका वहीत लिहावी, आणि मुदत भरली असल्यास सणाच्या खर्चातूनच त्याची तरतूद करावी. माळ दुसऱ्या दिवशी सुकते. वहीतील ती तारीख मात्र, गाडीवर विश्वासाने बसणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीशी वर्षभर उभी राहते.