तिकीट कोणाचे?

कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत झाले. त्यांची तिकिटे २२ सप्टेंबर २०२४ रोजी ऑनलाइन विक्रीस आली, पाहता पाहता संपली आणि हजारांची तिकिटे लाखांच्या भावाने पुनर्विक्रीस दिसू लागली. या काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. धोरण ठरवणे हे विधिमंडळाचे व शासनाचे काम, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला.

आम्हां आदिलाबादकरांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु लग्नसराईत नंदिग्राम एक्सप्रेसच्या तत्काळ तिकिटासाठी जो खिडकीशी ताटकळला आहे, त्याला हा प्रश्न परका नाही.

घेणारा राजी, विकणारा राजी. मग अन्याय कोणावर? आमच्या मते तो तिसऱ्यावर होतो, जो या सौद्यात नाही, पण रांगेत होता. दलाल एकही नवी जागा निर्माण करीत नाही. असलेली अडवून टंचाई तेवढी विकतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४३ ने अनधिकृत तिकीट-व्यापार गुन्हा ठरवला आहे तो उगाच नव्हे.

आता उपाय म्हणून मोबाइल ॲप आले आहे. तिकीट नावाशी व फोनशी बांधले की ते परस्पर विकणे अवघड होते. रेल्वेनेही १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार-पडताळणी सक्तीची केली. दलालाचा हात यामुळे आखडतो, हे मान्य. पण ज्या वृद्धाकडे असा फोनच नाही, तो याच दारातून बाहेर राहतो. अर्थात जुनी रांग तरी कुठे निर्दोष होती? तिच्यात मजुराचा रोज बुडतच असे.

म्हणून ॲपला आम्ही द्वारपाल मानतो, न्यायाधीश नव्हे. न्यायाची खूण रेल्वेच्याच एका जुन्या नियमात दिसते: मुदतीत अर्ज केल्यास निश्चित झालेले तिकीट आई-वडील, भावंडे, पती-पत्नी वा अपत्य यांच्या नावे करता येते. देण्याला मुभा आहे, नफ्याला नाही. कार्यक्रमांच्या तिकिटांनाही हेच सूत्र लावावे आणि काही जागा खिडकीसाठी राखाव्यात.

शेवटी एक कबुली. घरच्या कार्याच्या घाईत दलालाला चार पैसे जास्त देऊन आम्हीही निश्चिंत झालो आहोत. त्या दिवशी रांगेतून रिकाम्या हाताने कोण परतले, हे आम्ही विचारले नव्हते. तो प्रश्न कोणतेही ॲप आम्हांला विचारणार नाही. तो आम्हीच विचारला पाहिजे.